बंद मशीनमधला दाब

सीएनसी लेथवरचा आठ इंची हायड्रॉलिक चक साधारण बावीस-तेवीस किलोचा असतो. धडधाकट माणसाला तो उचलता येतो, आणि गोम तिथेच आहे. बारा इंची चक साठ किलोच्या घरात जातो. त्याला हात घालायची कुणाची छाती होत नाही, मुकाट्याने चेन ब्लॉक आणला जातो. आठ इंचीच्या वेळी मात्र ‘एका मिनिटाचं काम’ म्हणत दोघं जण मशीनच्या दारात वाकतात. एक जण चक धरतो, दुसरा बोल्ट घालतो. कूलंटने बुळबुळीत झालेलं गोल पोलाद हात लांब करून तोलायचं, तेही सहा भोकं समोरासमोर येईपर्यंत. भोसरी, चाकण, वाळूज, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीतल्या जॉबवर्कच्या शेडमध्ये हे चालतं. चक बदलणं म्हणजे सेटिंगचा वेळ, आणि सेटिंगच्या वेळाचे पैसे कुणी देत नाही.

हा चक बाहेरून साधा दिसतो. तीन जॉ, मधे भोक, मागे स्पिंडल. खरी यंत्रणा स्पिंडलच्या पोटातून जाते. स्पिंडलच्या मागच्या टोकाला फिरता हायड्रॉलिक सिलिंडर असतो. त्याच्या पिस्टनला जोडलेली पोकळ नळी, म्हणजे ड्रॉ ट्यूब, स्पिंडलमधून थेट चकपर्यंत येते आणि चकमधल्या प्लंजरला आट्यांनी जोडली जाते. पायाखालचं पेडल दाबलं की तेल पिस्टनला ढकलतं, ट्यूब प्लंजरला मागे ओढते, प्लंजरच्या तिरप्या खाचा तिन्ही जॉ आत घेतात आणि जॉब पकडला जातो.

आकडे पाहिले की या तिरप्या खाचांचं मोल कळतं. नेहमीच्या आठ इंची चकमध्ये प्लंजर १६ मिलिमीटर मागे जातो, तेव्हा प्रत्येक जॉ जेमतेम ३.७ मिलिमीटर सरकतो. हालचाल चौपटीहून अधिक घटली, म्हणजे जोर तेवढ्याच पटीने वाढायला हवा. ट्यूबची जास्तीत जास्त ओढ सुमारे साडेतीन टन, तेव्हा हिशेबाने पकड पंधरा टन यायला हवी. कॅटलॉगात मिळते पावणेनऊ टन. उरलेली घर्षणाने खाल्ली, आणि हा ग्रीस घातलेल्या, चांगल्या स्थितीतल्या चकचा आकडा आहे. ग्रीस रोज घालावं असं उत्पादकांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ग्रीस गन मात्र बहुतेक शेडमध्ये कपाटामागे सापडते. प्रेशर गेज नेहमीचाच आकडा दाखवत राहतो, आत पकड घटत जाते, आणि एक दिवस जॉब जॉमध्ये फिरतो.

कोल्हापूरकडे हे लवकर होतं. तिथल्या फाउंड्र्यांचं बिडाचं कास्टिंग टर्न करताना लांब चिप निघत नाही, भुकटी पडते. ती कूलंटमध्ये मिसळून चकच्या पोटात जाते आणि तिथे काळा लगदा जमतो. एरवी सहा महिन्यांनी चक खोलून धुतला तर चालतं, पण बिडावर काम असेल तर दोन महिन्यांतच उतरवावा लागतो. म्हणजे ज्यांना हे काम वारंवार करावं लागतं ते बिडवाले. बाकीच्यांच्या हातून ते वर्षातून एखाद-दोन वेळा होतं, आणि त्यामुळेच त्याची सवय त्यांच्यातल्या कुणालाच नसते. जॉब लावणं-काढणं ऑपरेटर दिवसाला शेकडो वेळा करतो, तिथे त्याचे हात आपोआप वागतात. चक उतरवताना तोच माणूस नवखा असतो, आणि हे त्याच्या ध्यानात नसतं.

आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडची दोन वर्षं काढलेल्या मुलाच्या मनावर पहिल्या आठवड्यातच बिंबवलं जातं की चकची किल्ली चकमध्ये ठेवून लेथ चालू करायचा नाही. दुसरं शिकवतात ते फळीचं. चक उतरवण्याआधी बेडवर लाकडी फळी टाकायची. म्हणजे चक निसटला तरी फळीवर बसतो, बोटं वाचतात आणि बेडही वाचतो. हातच्या लेथचा धोका डोळ्यांना दिसतो, आणि त्यावरचा उपाय सुताराकडे मिळतो. सीएनसी लेथचा बेड तिरपा असतो, चिप खाली घसरून जावी म्हणून. तिथे फळी टेकणार कुठे? चक हातातून सुटला तर सरळ खाली, चिप कन्व्हेयरच्या पन्हाळीत. तेव्हा इथे फळीची जागा आयबोल्ट, पट्टा आणि चेन ब्लॉक घेतात. मशीनचं छप्पर उघडत नसेल तर ब्लॉक टांगायलाही जागा राहत नाही. मशीन विकत घेताना हा प्रश्न विचारणारा मालक विरळाच.

पण माझ्या मते वजनापेक्षा तेल जास्त फसवं आहे. मशीन थांबलं, दार उघडलं, स्पिंडल निश्चल आहे, म्हणून सगळं शांत आहे असं वाटतं. फिरत्या सिलिंडरमध्ये एक चेक व्हॉल्व्ह असतो. चालू कटमध्ये वीज गेली किंवा पाइप फुटला तरी जॉब सुटू नये, यासाठी तो तेल आत कोंडून ठेवतो. ही सोय जीव वाचवणारी आहे, पण तिचा दुसरा अर्थ असा की मेन स्विच पाडल्यावर गेजचा काटा शून्यावर आला तरी सिलिंडरमधलं तेल मोकळं झालेलं नसतं. म्हणून क्रम उलटा लावायचा. वीज चालू असतानाच दाब कमीत कमी, चार-पाच किलोवर आणायचा, ट्यूब पूर्ण पुढे घ्यायची, आणि मग वीज बंद करायची. स्विच आधी पाडून मागून दाबाचा विचार करणारे खूप.

हे न केल्यास काय होतं तेही पाहू. जॉ काढले, मधलं झाकण काढलं, चकला पट्टा लावून ब्लॉकवर ताण घेतला, सहाही बोल्ट सोडले. चकच्या कडेवर प्लास्टिकच्या हातोडीने ठोकलं, तो टेपरवरून सुटला आणि बोटभर पुढे आला. ट्यूबचे आटे अजून सुटायचे आहेत. फट नीट दिसावी म्हणून कुणीतरी बोटं मागे घातली. एवढ्यात मशीनला टेकून उभ्या असलेल्या पोराचा पाय पेडलवर पडला. वीज चालू असेल तर पिस्टन मागे येतो, आणि ट्यूबला अजून जोडलेला चक आख्खाच्या आख्खा स्पिंडलच्या तोंडावर आपटतो. पेडलला झाकण असतं ते याचसाठी. बऱ्याच ठिकाणी पाय लवकर जावा म्हणून ते काढून ठेवलेलं असतं.

चढवताना जोखीम निराळी असते. स्पिंडलचं तोंड, समजा ए-टू-सिक्स जातीचं, म्हणजे सुमारे १०६ मिलिमीटर व्यासाचा आखूड टेपर आणि त्यामागे सपाट कडा. चक दोन्हीवर एकाच वेळी बसायला हवा. हाताने टेकवला की कडेशी किंचित फट राहते, बोल्ट आवळल्यावर ती मिटते. तिथे ५० माइक्रॉनची, नखाने जेमतेम जाणवेल अशी चिप अडकली तर चक तिरका बसतो आणि दीडशे मिलिमीटर पुढे डायलचा काटा ८०-९० माइक्रॉन हलू शकतो. कॉटन वेस्टने पुसल्यावर धागे मागे राहतात. शेवटचा हात उघड्या तळव्यानेच फिरवावा, त्याला जे कळतं ते डोळ्याला दिसत नाही. एम-१२ चे सहा बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने सुमारे १०७ न्यूटन-मीटरला आवळायचे. ॲलन कीला पाइप घालून आवळणाऱ्याला आपण किती आवळलं हे कधीच सांगता येत नाही.

खरा जुगार असतो ट्यूबच्या आट्यांवर. प्लंजरमधला स्क्रू हँडलने फिरवून ट्यूबवर चढवतात. तो सरळ लागला नाही तर दोन आटे तिरके जातात, हँडल जड होतं आणि घाईतल्या माणसाला वाटतं, बसला. चक बसतो, जॉ उघडतात-मिटतात, जॉब पकडलाही जातो. साडेतीन टनांची ओढ त्या दोन आट्यांवर असते. ते सोलले की पकड एका क्षणात जाते, फिरत्या स्पिंडलवर. यात चेक व्हॉल्व्हही कामाचा नाही, कारण दाब शाबूत असतो, जोडच तुटलेला असतो. हँडल जड लागलं की मागे फिरावं, ट्यूब आणि चक एका रेषेत आणावेत, आणि आटे दोन बोटांनी चढतात का ते पाहावं. कमी दाबावर जॉचा पूर्ण प्रवास मोजावा. तो पुस्तिकेतल्या आकड्याशी जुळला नाही तर चढवलेला चक परत उतरवावा. दुपार गेली तर जाऊ द्यावी.

आणि आयबोल्ट. काम संपल्याच्या आनंदात तो चकवरच राहतो. मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर आठ इंची चकची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास धावते. तिथे लागलेला शंभर ग्रॅमचा आयबोल्ट जवळपास तीनशे किलोच्या जोराने बाहेर खेचला जातो. आट्यांत टिकला तर टरेटला धडकतो, निसटला तर दाराच्या काचेकडे येतो. आयबोल्ट, पट्टे, साखळ्या वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घ्याव्यात हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच आलं. छोट्या शेडमध्ये पट्टा उसवेपर्यंत वापरतात.

चक बसला, डायल वीस माइक्रॉनच्या आत आला, सॉफ्ट जॉ कामाच्याच दाबावर नव्याने बोअर केले, तरी एक गोष्ट राहते, आणि ती हातांची नसून कंट्रोलरमधली असते. समजा दहा इंची चक काढून त्याच स्पिंडलवर बारा इंची चढवला. दहा इंचीची मर्यादा ४२०० फेरे होती, बारा इंचीची ३३०० आहे. जुन्या प्रोग्रॅममध्ये कमाल फेरे ठरवणारी जी-५० ची ओळ एस-४००० अशीच पडून असते. जॉब तीनशे मिलिमीटरचा, तोंड मारायचं, कापण्याचा वेग मिनिटाला २५० मीटर स्थिर ठेवलेला. कट सुरू होतो तेव्हा पडद्यावर २६५ फेरे दिसतात, ऑपरेटर निश्चिंत होतो. टूल मध्याकडे सरकतं तसे फेरे वाढत जातात, आणि व्यास २० मिलिमीटरवर आला की ते चार हजारांच्या उंबरठ्यावर असतात. वेगाने जॉ बाहेर फेकले जाऊ पाहतात, पकड घटते, आणि ती नेमकी किती उरली हे सांगणारा गेज त्या मशीनवर नसतो. म्हणून जाणता सेटर टॉर्क रेंच खाली ठेवल्यावर आधी पॅनेलकडे जातो, ती ओळ तीन हजारांवर आणतो, आणि मशीनवर येणारे बाकीचे प्रोग्रॅमही एकेक करून उघडतो.