दमलेल्या पायांची निगा



रविवारची मिस्सा आटोपली, की चर्चच्या दारात उभे राहून आम्ही सर्वांची विचारपूस करतो. सोयाबीनची सोंगणी किंवा कांद्याची लागण उरकून गावाकडून परतलेली माणसे त्या वेळी बहुधा एकच गाऱ्हाणे सांगतात : "फादर, पाय उचलत नाहीत!" आपल्या गोडादऱ्यातली पुष्कळ कुटुंबे दोन घरांची आहेत. पोट सुरतेत आणि जीव खानदेशात. शेताची कामे आली, की उधन्याहून गाडी धरून नंदुरबार, अमळनेरकडे जायचे, आठ-दहा दिवस कंबर मोडेस्तोवर राबायचे आणि परत येऊन लूमच्या खात्यात बारा-बारा तास उभे राहायचे. भरीस भर म्हणून आता आपली तरुण मुलेही पहाटे धावू लागली आहेत. गुजरात पोलिसांच्या भरतीत मुलांना ५ किलोमीटर अंतर २५ मिनिटांत पार करावे लागते. त्या तयारीपायी कितीतरी मुले लंगडत उपासनेला येतात.

म्हणून या वेळी खते-बियाण्यांचा विषय बाजूला ठेवून दमलेल्या स्नायूंबद्दल चार गोष्टी सांगाव्यात, असे आम्ही ठरवले. बैलांना औत सोडल्यावर आपण विसावा देतो, त्यांच्या खांद्याला तेल लावतो. स्वतःच्या पायांची मात्र आठवणही होत नाही.

स्नायू का दुखतात?

एक अनुभव सर्वांनाच असेल. कामाच्या दिवशी फारसे काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग आंबते आणि तिसऱ्या दिवशी तर जिना उतरताना डोळ्यांत पाणी येते. हे दुखणे साधारण २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त असते आणि पाच-सात दिवसांत आपोआप ओसरते.

पूर्वी असे समजत, की श्रमामुळे स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते आणि तेच दुखते. पुष्कळ लोक अजून तसेच सांगतात. पण श्रम थांबल्यावर साधारण तासाभरात त्याचे प्रमाण पूर्वपदावर येते. मग ते तिसऱ्या दिवशी कसे दुखेल? १९०२ साली थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने असे मांडले, की उशिरा येणारे हे दुखणे स्नायूंच्या आतल्या बारीक इजेमुळे येते. पुढच्या संशोधनाने हाच विचार बळकट केला. सवय नसलेले काम केले, की स्नायूंच्या तंतूंना डोळ्यांना न दिसणाऱ्या इजा होतात. शरीर त्या दुरुस्त करू लागते. त्या दुरुस्तीत थोडी सूज येते आणि ठणका लागतो. दुरुस्ती पुरी झाली, की तोच स्नायू तेवढ्या कामाला पहिल्यापेक्षा अधिक तयार होतो.

ताणले जात असतानाच ज्या स्नायूंना भार तोलावा लागतो, त्यांना ही इजा जास्त होते. उतारावरून पळताना, डोक्यावर ओझे घेऊन टेकडी उतरताना, रोप लावायला पुन्हा पुन्हा वाकताना हेच घडते. चढ माणसाला दमवतो, पण उतार त्याला दुखवतो, हे म्हातारी माणसे सांगत आली आहेत. ते खरेच आहे.

धावणाऱ्यांकडून काय शिकावे?

लांब पल्ल्याच्या शर्यती हा शहरी लोकांचा शौक आहे, असे समजू नका. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत घरच्यासाठी लांबून पाणी आणत वाढली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात तिने कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी चीनमधील ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्य. सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर शेतकरी घरातली. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिने अंतिम फेरी गाठली आणि दहावा क्रमांक मिळवला. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली सायकलवरून अमेरिका आडवी पार करण्याची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. त्यांनी हे दोघांचा संघ म्हणून केले. अशा संघात एक जण सायकल चालवतो तेव्हा दुसरा विसावा घेतो.

आम्हाला या शेवटच्या गोष्टीत मोठा बोध वाटतो. इतक्या लांबच्या शर्यतीतही विसाव्याची पाळी ठरवावी लागते. विसावा हा कामाचाच भाग आहे. जाणती मुले आणि त्यांचे प्रशिक्षक एक दिवस जोराचा सराव करतात आणि दुसरा दिवस हलका ठेवतात. आमची मुले मात्र भरतीची तारीख जाहीर झाली, की पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर जीव तोडून पळतात. मग आठ दिवस घरी बसतात. अंतर थोडे थोडे वाढवावे. शेतातही तेच करावे. वर्षभर लूमवर उभे राहिलेल्या माणसाने गावी जाऊन पहिल्याच दिवशी अख्खा वाफा एकट्याने लावण्याचा हट्ट धरू नये.

आधी झोप, अन्न आणि पाणी

चोळण्यापूर्वीची गोष्ट आधी सांगतो. जुन्या करारात एलिया संदेष्टा रानात पळून जातो आणि रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडतो. तेव्हा देवदूत त्याला काही उपदेश करत नाही. तो त्याला झोपू देतो, उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई पुढे ठेवतो. एलिया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला दुसऱ्यांदा उठवून जेवू घालतो, आणि त्या बळावर तो चाळीस दिवस चालून देवाच्या डोंगरापर्यंत पोहोचतो. दमलेल्या माणसावर याहून चांगला इलाज आजही कोणाला सापडलेला नाही.

स्नायूंच्या दुरुस्तीला झोपेची मोठी मदत होते. सात-आठ तास झोप हवी. रात्रपाळी करणाऱ्यांनी दिवसा खोलीत काळोख करून, मोबाईल दूर ठेवून झोपावे. श्रमानंतर जेवणात डाळ, अंडी, दूध, ताक, मासे, शेंगदाणे यांपैकी काहीतरी असलेच पाहिजे. नुसत्या चहा-पावावर तंतू जुळत नाहीत. घाम फार गेला असेल, तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. हे पाणी घोट घोट प्यावे. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

स्वतःचे पाय चोळण्याची रीत

मालिशने दुखणे काही अंशी कमी होते, अंग मोकळे वाटते आणि झोप चांगली लागते. इजा झालेले तंतू मात्र त्यामुळे झटपट बरे होत नाहीत. चोळण्याकडून एवढीच अपेक्षा ठेवावी. तेल तिळाचे, खोबऱ्याचे किंवा घरात असेल ते चालेल. महागड्या बाटलीची गरज नाही. वेळ दहा मिनिटे पुरे.

१. कोमट पाण्याने पाय धुऊन भिंतीला टेकून बसावे. आधी तळवा घ्यावा. खुर्चीवर बसून पायाखाली रबरी चेंडू ठेवावा आणि टाचेपासून बोटांपर्यंत मिनिटभर फिरवावा.

२. मग पोटरी. गुडघा वाकवून दोन्ही हातांनी पोटरी धरावी आणि घोट्याकडून वर, म्हणजे हृदयाच्या दिशेने, दाब देत न्यावे. जिथे गाठीसारखे लागेल तिथे अंगठा दहा-पंधरा सेकंद स्थिर ठेवावा. नडगीच्या हाडावर आणि गुडघ्याच्या मागच्या लवणीत दाब देऊ नये.

३. मांडीसाठी स्वयंपाकघरातले लाटणे उत्तम. खेळाडू जो फोमचा रोलर वापरतात, त्याचे बरेचसे काम ते करते. गुडघ्याच्या वरपासून जांघेच्या अलीकडपर्यंत सावकाश फिरवावे. काम झाल्यावर लाटणे धुऊन जागेवर ठेवावे, नाहीतर घरात दुसरेच दुखणे उभे राहील!

४. कुल्ला आणि कंबर यांसाठी भिंत आणि अंग यांच्यामध्ये चेंडू धरून हळूहळू वर-खाली व्हावे. चेंडू कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर असावा, कण्यावर कधीच नाही.

दाब किती द्यावा? दुखेल, पण बरे वाटेल इतका. श्वास अडकला किंवा दात-ओठ खावे लागले, तर दाब जास्त झाला. काळेनिळे होईपर्यंत चोळणे हा आडमुठेपणा आहे. चोळून झाले की पाच-दहा मिनिटे सावकाश चालावे. तळव्यांचे तेल आधी पुसावे, नाहीतर घसरून पडाल.

आमच्या हातून झालेली चूक

आता जे सांगायचे आहे, त्यासाठीच खरे तर आम्ही हा लेख लिहायला घेतला. काही वर्षांपूर्वी आपल्यातलाच एक शेतकरी कडब्याच्या गंजीवरून पडला. घोटा मोडला आणि पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला. प्लास्टर निघाल्यावर तो रात्रभर बसमध्ये बसून गावाहून गोडादऱ्याला आला. एकाच पायाची पोटरी सुजली होती, गरम लागत होती आणि दुखत होती. तो आमच्याकडे आला. आम्ही प्रार्थना केली, पाठीवर हात ठेवला आणि आमच्या कपाटातली मालिशच्या तेलाची बाटली त्याला दिली. "सकाळ-संध्याकाळ चांगले रगड," असे वर सांगितले. बिचाऱ्याच्या बायकोने चार दिवस ते पाय मनापासून रगडले.

पाचव्या दिवशी जिना चढताना त्याच्या छातीत कळ आली आणि धाप लागली. इस्पितळात कळले, की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला होता. तो वाचला. कित्येक महिने त्याला रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. डॉक्टर आम्हाला रागावले नाहीत. गुठळी तेलाने झाली नव्हती, पण असा पाय चोळायचा नसतो आणि तो पहिल्याच दिवशी दाखवायला हवा होता, एवढेच ते म्हणाले. त्या कुटुंबाने आम्हाला कधीच दोष दिला नाही. पण सेमिनरीत शिकलेले ईशज्ञान पोटरी तपासायच्या कामी येत नाही, हे आम्हाला त्या दिवशी पक्के समजले. फादरांनी सांगितले म्हणून डॉक्टरांकडे जायचे राहिले, असे पुन्हा कोणाचे होऊ नये.

म्हणून हे नीट वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा :

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम किंवा लाल झाली, तर तेल लावू नका, चोळू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दीर्घ आजारपण, शस्त्रक्रिया, प्लास्टर, बाळंतपण किंवा लांबचा बसून केलेला प्रवास यांनंतर तर मुळीच थांबू नका. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले, तर तडक १०८ ला फोन करा.

अतिश्रमानंतर लघवी गडद तपकिरी, कोऱ्या चहासारखी झाली, तर स्नायू फार तुटून मूत्रपिंडावर भार आला असण्याची शक्यता असते. तेव्हाही तातडीने इस्पितळ गाठा.

पाय मुरगळून ताजी सूज असेल, तर पहिले दोन-तीन दिवस चोळू नका, शेकू नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा, पाय उंचावर ठेवा. त्यावर भार टाकताच येत नसेल, तर हाड मोडले आहे का ते तपासून घ्या.

लूमवर उभे राहून ज्यांच्या पायांच्या नसा फुगल्या आहेत, त्यांनी त्या नसांवर दाब देऊ नये. मधुमेहामुळे ज्यांचे पाय बधिर झाले आहेत, त्यांनी फार गरम पाणी किंवा जोराचा दाब टाळावा, कारण इजा झालेली त्यांना कळत नाही.

आणि धावणाऱ्या मुलांनो, दुखू नये म्हणून पळण्याआधी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खाऊ नका. शरीरातले पाणी घटले असताना अशा कित्येक गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. भरती पुन्हा निघेल, मूत्रपिंड पुन्हा उगवत नाही.

शेवटी एकच

पवित्र गुरुवारी आम्ही बारा जणांचे पाय धुतो. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी या विधीत स्त्रियांनाही स्थान दिले, तेव्हापासून आपल्या माताभगिनीही त्या बाकावर बसतात. पुरुषांचे पाय आम्ही पुष्कळ वर्षे धुतले होते. पण आपल्या बायांच्या टाचांच्या भेगा आणि घोट्यांवरची सूज आम्ही प्रथम तेव्हा पाहिली. घरात सासऱ्याचे, नवऱ्याचे, मुलाचे पाय त्याच चोळतात. त्यांचे पाय कोण चोळतो?

तेव्हा या आठवड्यात वर सांगितल्याप्रमाणे आपले पाय आपण चोळायला शिका. आणि मग उरलेले तेल हातावर घेऊन आईला किंवा बायकोला म्हणा, "बस, आज तुझे पाय मी चोळतो." प्रभूने टॉवेल कमरेला बांधून शिष्यांपुढे गुडघे टेकले होते. आपल्याला कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही.

देव आपल्या श्रमांना आणि आपल्या विसाव्यालाही आशीर्वाद देवो.

आपले फादर