जुन्या घराला बाहेरून रंग कोणता द्यावा?

पाऊस ओसरला की नेरच्या बाजारात रंगाचे डबे पुढे येतात, आणि गटाच्या बैठकीत कुणी ना कुणी दिवाळीच्या रंगासाठी कर्ज मागते. कापूस अजून घरात आलेला नसतो, म्हणून हा खर्च बहुतेक उधारीचाच. दुकानात रंगाचे कार्ड समोर आले की आपण आवडलेल्या रंगावर बोट ठेवतो. पण कवेलूच्या जुन्या घरावर काय टिकेल, हे आधी भिंत ठरवते.

मातीची किंवा चुन्यात बांधलेल्या विटांची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि उन्हात बाहेर सोडते. त्यातून आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे भिंतीही थोड्या हलतात. अशा भिंतीवर ऑइल पेंट किंवा चकचकीत प्लास्टिक पेंट दिला की ओल आत कोंडते. मग फुगे येतात, पोपडे निघतात, पोपड्यांसोबत माती सुटते, खालून लोणा चढतो. रंग तर जातोच, भिंतही खचते, आणि हप्ते मात्र चालू राहतात.

तेव्हा आधी भिंतीवर ओंजळभर पाणी मारून पाहा. पाणी शोषले गेले तर चुना बसेल. ओघळून गेले तर आधीचा तेलकट रंग आहे, तो काढल्याशिवाय चुना धरणार नाही. सिमेंटचा गिलावा असलेल्या नव्या खोलीला बाहेरचे इमल्शन चालते, तिथे आमची हरकत नाही.

चुन्यात सगळेच रंग टिकत नाहीत. गेरू आणि पिवळी माती हे मातीचे रंग चुन्यालाही पुरून उरतात आणि उन्हालाही. पुडीची नीळ चांगली. थोडी घातली तर पांढरा उजळ दिसतो, जास्त घातली तर आपल्याकडची ती जुनी निळी भिंत होते. बाटलीतली पातळ नीळ कपड्यांसाठी आहे, ती उन्हात उडते. भडक गुलाबी, जांभळा यांचेही तसेच. घराचा जुना रंग कळायला हवा असेल तर चौकटीच्या कडेला नखाएवढी जागा हलकेच खरवडा, आजेसासूच्या वेळचे थर दिसतील.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. पश्चिमेच्या भिंतीला गडद रंग दिला तर रात्रीही ती तापलेलीच राहते. तिथे पांढरा किंवा फिका पिवळा बरा. मात्र जोत्याजवळ दीड-दोन फूट गेरूचा पट्टा मारा. पावसात उडणारा चिखल पांढऱ्यावर फार दिसतो. कवेलूचा लाल आणि हा पट्टा एकमेकांना शोभतात.

आता चुना करण्याची रीत. एक किलो कळीच्या चुन्याला साधारण पाच लिटर पाणी घ्या. लोखंडी ड्रम किंवा मातीचा रांजण घ्यावा. प्लास्टिक वितळते आणि ॲल्युमिनियम चुना खातो. पाण्यात चुना थोडा थोडा टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही, कारण तो उकळून अंगावर उडतो. पोरांना लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा लावा. डोळ्यात गेलाच तर लगेच स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि दवाखाना गाठा. दिवसभर मुरला की जाड फडक्यातून गाळा. दहा लिटरला चाळीस ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. रंगही त्यातच कालवा, आणि सगळ्या घराचा एकदमच. दुसऱ्या दिवशीच्या घाण्याचा रंग जुळत नाही.

ओला चुना गडद दिसतो, वाळला की बराच फिका पडतो. म्हणून हातभर जागेवर लावून वाळू द्या, सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाहा, मग ठरवा. भिंत आधी ओली करून पातळ तीन हात द्या. एकच जाड हात दिला तर तडकतो आणि कपड्याला लागतो.

दारे-खिडक्यांचे लाकूड वेगळे, त्याला ऑइल पेंट चालतो. पण जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. त्यात शिसे असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला व पोटातल्या बाळाला बाधते. घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आपल्या दारावरचे थर त्याआधीचे. लाकूड ओले करून घासा, गरोदर बाई आणि पोरे त्या दिवशी शेजारी पाठवा, निघालेला चुरा ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बांधून टाका, चुलीत घालू नका. नवा डबा घेताना त्यावर शिशाबद्दल काय छापले आहे ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला सोबत न्या.