अर्धपोटी विजेचे गाणे

तंबोरा सुरात लावणे ही एक गोष्ट आणि त्याची जवारी लावणे ही दुसरी, हे आपल्याकडील जुन्या घरांतून कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा, तो केसभर पुढे, केसभर मागे करीत राहायचे, आणि एका ठिकाणी ती तार नुसती वाजायची थांबून बोलू लागते. शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर तिथे घडते ते एवढेच की, घोडीच्या उताराला तार पुनःपुन्हा स्पर्श करते आणि तिच्या मोकळ्या कंपनात व्यत्यय येतो. त्या व्यत्ययातूनच वरचे उपस्वर झंकारत बाहेर पडतात. व्यत्यय फार झाला तर तार खरखरते, मुळीच नसला तर ती मुकी वाटते. सारी करामत त्या मधल्या जागेची आहे.

याच जातीची एक करामत अलीकडे आमच्या घरी विजेवर चालू आहे. आमचा नातू विद्यापीठाच्या तंत्रविद्या शाखेत, म्हणजे आम्ही म्हातारी माणसे अजून जिला ‘कलाभवन’ म्हणतो तिथे शिकतो आणि फावल्या वेळी विजेची गिटार वाजवतो. गिटार आणि कर्णा यांच्यामध्ये जोडायची एक पत्र्याची डबी त्याने स्वतः कथलाचे डाग देऊन तयार केली. तिच्यावरचे बटण पायाने दाबले की गिटारचा गोड आवाज एकदम घोगरा, दाणेदार आणि लांबत जाणारा होतो. या डबीला ‘फझ’ म्हणतात.

फझचा जन्मच मुळी एका बिघाडातून झाला. अमेरिकेत नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांचे ‘डोन्ट वरी’ हे गाणे मुद्रित होत असताना ग्रेडी मार्टिन यांचे वाद्य ज्या मार्गाने यंत्रात जात होते, तिथला एक भाग बिघडला आणि सूर फाटून बाहेर पडला. तो पुसून टाकण्याऐवजी तसाच ठेवण्यात आला. लोकांना तो आवडला. तेव्हा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी आपल्या एका सहकाऱ्याबरोबर ट्रान्झिस्टर वापरून तोच बिघाड हवा तेव्हा घडवून आणणारे मंडल तयार केले. १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आले. त्याला भूक किती, तर दीड-दीड व्होल्टचे दोन सेल! प्रथम त्याला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात कीथ रिचर्ड्स यांनी ते वाजवले आणि मग ते सर्वांनाच हवेसे झाले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ‘फझ फेस’ निघाला. दोन ट्रान्झिस्टर, नऊ व्होल्टची एक बॅटरी आणि मोजके सुटे भाग. आमच्या नातवाची डबी याच घराण्यातली. तिच्यात बीसी ५४७ या जातीचे दोन ट्रान्झिस्टर आहेत, आणि ते आपल्याकडे कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात चार-दोन रुपयांत मिळतात.

आता खरी गंमत पुढेच आहे. डबी उत्तम चालू असताना नातवाने तिला उपाशी ठेवायचे ठरवले.

ज्यांच्या घरी सेलवर चालणारा रेडिओ होता, त्यांना उतरत्या सेलचा आवाज आठवत असेल. बातम्या देणाऱ्याला जणू पडसे झाले आहे, आणि मोठा आवाज आला की तो मध्येच गिळला जातो. मग ते सेल आपण गच्चीवर उन्हात ठेवीत असू आणि आणखी दोन दिवस ढकलीत असू. गिटारवाल्यांच्या असे ध्यानात आले की, फझच्या डबीत असा मरू घातलेला सेल असला की सुराला एक वेगळीच लज्जत येते. परंतु सेल मरेपर्यंत वाट कोण पाहणार, आणि तो नेमका हव्या त्या अवस्थेत थांबणार तरी कसा? म्हणून बॅटरीकडून येणाऱ्या तारेत एक फिरते बटण घालायचे. रेडिओचा आवाज कमी-जास्त करण्याचे असते, त्याच जातीचे. ते फिरवले की विजेच्या वाटेतला अडथळा वाढतो आणि आत पोहोचणारे व्होल्ट घटतात. इंग्रजीत याला ‘व्होल्टेज स्टार्व्ह’, म्हणजे विजेची उपासमार, असे म्हणतात. आमच्या घरात त्या बटणाचे नाव ‘एकादशी’ पडले आहे.

“पण याने होते काय?” असे मी विचारले तेव्हा नातवाने कागदावर रेघोट्या ओढून दाखवल्या. “आजोबा, सुराची लाट वर जाते आणि खाली येते. दुसऱ्या ट्रान्झिस्टरला दोन्हीकडे सारखी जागा असली, की दोन्ही टोके सारखी कापली जातात. व्होल्ट कमी केले की तो मध्यावरून सरकतो. एका बाजूला जागाच उरत नाही, ती बाजू आधी चिरडली जाते. जोरात छेडलेला सूर कसाबसा पलीकडे जातो. तो विरू लागला की मात्र हळूहळू न विझता फडफडून एकदम तुटतो.” या डबीला मुळात एक मिलिअँपियरहूनही कमी प्रवाह लागतो. म्हणून दहा हजार ओहमचे लहानसे बटणही तिला पुरते. ते पूर्ण फिरवले की नवातले चारेक व्होल्ट उरतात.

आमच्या सौभाग्यवतींना हे प्रकरण पहिल्यापासून पसंत नव्हते. सुरसागरकाठच्या संगीत महाविद्यालयात त्या गाणे शिकल्या. त्यांचा मिरजेचा तंबोरा ज्या खोलीत उभा असतो, त्याच खोलीत हा फाटका आवाज, हे त्यांना सहन होईना. गिटार मित्राकडे नेऊन ठेवण्यापर्यंत गोष्ट आली होती. एका संध्याकाळी नातू ते बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहत होता आणि त्याचे समाधान होत नव्हते. स्वयंपाकघरातून आवाज आला, “अरे, इतका धागा ओढू नकोस! मागे ये थोडा. आणखी. हां, तिथेच थांब.” त्या हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी त्याच्याकडून तोच सूर चार वेळा वाजवून घेतला. मीटर लावून पाहिले तर साडेपाच व्होल्ट होते. तिथे सूर फाटत होता खरा, पण त्याच्या कडेला एक झंकार होता. गिटार मित्राकडे गेली नाही. आजीचा रियाज सकाळी आणि नातवाचा संध्याकाळी, असा करार झाला आहे.

ज्यांच्या घरी असे उद्योगी चिरंजीव असतील त्यांच्यासाठी नातवाच्या दोन सूचना देतो. डबीवर लाल दिवा बसवला असेल तर त्याची तार बटणाच्या अलीकडून, थेट बॅटरीवरून घ्यावी. एकटा दिवाच साऱ्या मंडलाहून अधिक प्रवाह खातो, आणि बटणाच्या पलीकडे जोडला तर तोही उपाशी मरतो. दुसरे असे की हा खेळ नऊ व्होल्टच्या बॅटरीवरच करावा, घरातल्या भिंतीतील विजेशी कदापि करू नये.

सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बडोद्यात १८८६ मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा निघाली आणि १८९० मध्ये कलाभवन. एकीत कान तयार होत, दुसऱ्यात हात. दादासाहेब फाळके या कलाभवनातच शिकले. पुढे दोन्ही संस्था विद्यापीठात आल्या, पण त्यांची दालने वेगळी राहिली. यंत्रविद्येच्या मुलाला व्होल्ट मोजता येतात. कुठल्या व्होल्टवर थांबायचे ते मात्र मीटर सांगत नाही, त्यासाठी जवारी लावलेला कान लागतो. असे कान अजून आपल्या पुष्कळ घरांतून आहेत. मुलांच्या खोलीतून खरखर ऐकू आली तर दार लावून घेण्यापूर्वी त्यांनी थोडा वेळ ती ऐकावी आणि बटण कुठे थांबवायचे ते मुलांना सांगावे, एवढीच विनंती आहे.