जायफळ-दलदली

पश्चिम घाटाच्या पायथ्यालगतच्या सदाहरित अरण्यांत, लहान ओढ्यांच्या काठी असलेल्या सपाट व अरुंद खोलगटांत आढळणारा गोड्या पाण्याच्या दलदलीचा एक अतिदुर्मिळ वनप्रकार. त्यातील प्रमुख वृक्ष जायफळाच्या मिरिस्टिकेसी कुलातील असल्यामुळे वनशास्त्रात त्याला ‘मिरिस्टिका दलदल’ असे म्हणतात. बाजारात मिळणारे जायफळ मात्र या वनांतले नव्हे. तो मूळच्या इंडोनेशियातील मोलुक्का बेटांवरील एका वेगळ्या जातीचा वृक्ष होय. दलदलीतील त्याच्या भाऊबंदांच्या बियांना तसा सुगंध नाही आणि म्हणून त्यांना बाजारही फारसा मिळाला नाही.

या वनांचे पहिले शास्त्रीय वर्णन कृष्णमूर्ती यांनी १९६० मध्ये त्रावणकोरच्या जंगलांतून केले. १९६८ मध्ये चॅम्पियन व सेठ यांनी भारतीय वनप्रकारांच्या आपल्या वर्गीकरणात त्यांना उष्ण कटिबंधीय गोड्या पाण्याच्या दलदल वनांत स्वतंत्र स्थान दिले. त्यांचा आढळ केरळच्या दक्षिण भागात, विशेषतः कोल्लम जिल्ह्यातील कुळत्तुप्पुळा परिसरात व शेंदुरुणी अभयारण्यात (स्थापना १९८४) आहे. उत्तरेकडे कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्हा, गोवा व महाराष्ट्राचे दक्षिण टोक येथे त्यांचे तुटक अवशेष दिसतात. केरळातील सर्वेक्षणात अशा सु. ६० दलदली नोंदल्या गेल्या. त्यांचे एकत्रित क्षेत्र सु. १५० हेक्टर, म्हणजे अवघे दीड चौ. किमी. भरते. एखादे मध्यम आकाराचे गावही याहून मोठे असते.

दलदलीची जमीन गाळाची असून पावसाळ्यात ती पाण्याखाली जाते आणि त्यानंतरही दीर्घकाळ पाण्याने तुडुंब भिजलेली राहते. अशा मातीत प्राणवायू जवळजवळ नसतो. सामान्य वृक्षांची मुळे तेथे कुजतात. येथील वृक्षांनी मात्र श्वसनासाठी मुळे जमिनीच्या वर आणली आहेत. मिरिस्टिका मॅग्निफिका या उंच वृक्षाच्या खोडाच्या तळापासून चहूबाजूंनी तिरकी आधारमुळे निघून चिखलात शिरतात व झाड पायांवर उभे असल्यासारखे दिसते. जिम्नाक्रँथेरा या दुसऱ्या प्रमुख वंशातील वृक्षाची मुळे चिखलातून वर येतात, गुडघ्यासारखी वाकतात आणि पुन्हा जमिनीत जातात. अशा शेकडो गुडघेमुळांनी सारी भूमी व्यापलेली असते. तेथे चालणे म्हणजे मुळांवरून तोल सांभाळणेच होय. खाडीकाठच्या तिवरांतही श्वसनमुळे असतात, परंतु ही दोन कुले एकमेकांच्या नात्यातील नाहीत. सारख्याच अडचणीवर दोघांनी स्वतंत्रपणे शोधलेला हा उपाय आहे.

मिरिस्टिकेसी हे सपुष्प वनस्पतींच्या प्राचीन शाखांपैकी एक कुल असल्याने या दलदली पूर्वीच्या अधिक विस्तृत अरण्याचे अवशेष मानल्या जातात. मिरिस्टिका वंशात नर व मादी फुले निरनिराळ्या झाडांवर येतात. त्यामुळे लहानशा तुकड्यात मोजकीच झाडे उरली, तर त्यांतील किती फळ धरतील हे नर-मादींच्या प्रमाणावर अवलंबून राहते. फळ उकलल्यावर बीवरील रंगीत जायपत्री दिसू लागते आणि धनेश व मोठी रानकबुतरे ती खाण्यासाठी येतात. खाली पडलेल्या बिया खेकडे ओढून नेतात, असे अभ्यासात दिसून आले आहे. या बिया मोठ्या व पाणीदार असतात. वाळल्या की त्यांची उगवणशक्ती नष्ट होते, म्हणून त्या साठवून दुसरीकडे वन उभे करणे सोपे नाही.

प्रमुख वृक्षांच्या सोबतीने काही अत्यंत दुर्मिळ वनस्पती येथे टिकून आहेत. जांभळाच्या वंशातील सिझिजियम त्रावणकोरिकम हा वृक्ष त्यांपैकी एक. बिब्ब्याच्या वंशातील सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस ही जाती तर २००० साली प्रथम वर्णिली गेली. सिद्धापूर तालुक्यातील ज्या कत्तलेकान अरण्यात ती सापडली त्याचेच नाव तिला मिळाले. कन्नडमध्ये त्या नावाचा अर्थ ‘काळोखाचे रान’ असा होतो व तो यथार्थ आहे, कारण दाट छत्रामुळे भर दुपारीही तेथे अंधुक प्रकाश असतो.

प्राणिजीवन : कत्तलेकानच्या परिसरात सिंहपुच्छी वानराची वस्ती आहे. पश्चिम घाटापुरता मर्यादित असलेला हा वानर बहुतांशी झाडांवरच राहतो व त्याला अखंड छत्र लागते. त्याच्यासाठी २०११ मध्ये अघनाशिनी राखीव क्षेत्र घोषित झाले आणि २०१९ मध्ये ते विस्तारित शरावती खोरे अभयारण्यात समाविष्ट करण्यात आले. उभयचरांत मर्क्युराना मिरिस्टिकापालुस्ट्रिस हा वृक्षमंडूक विशेष उल्लेखनीय आहे. त्याचे वर्णन २०१३ मध्ये केरळातील दलदलींतून झाले. एरवी झाडांवर राहणारा हा बेडूक पावसाळ्याच्या तोंडावर खाली उतरतो. मादी चिखल उकरून त्यात अंडी घालते. त्याच्या वंशनामात गायक फ्रेडी मर्क्युरीचे व जातिनामात या दलदलीचे नाव गुंफले आहे. सावलीतील ओढ्यांवर फायलोन्यूरा वेस्टरमनी ही टाचणी (चतुराचा सडपातळ आप्त) आढळते. मलबार ट्री निम्फ हे मोठे, पांढरे व संथपणे तरंगणारे फुलपाखरूही येथे दिसते.

ऱ्हास व संरक्षण : सपाट जमीन आणि बारमाही पाणी हे दलदलीचे गुणच तिच्या मुळावर आले. डोंगराळ मुलखात भातशेतीला याहून सोयीची जागा नव्हती. पुढे पोफळीच्या बागा आल्या, केरळात रबर व सागाची लागवड वाढली. वृक्षतोड मात्र नेहमीच आवश्यक नसते. वरच्या अंगाला ओढ्याचा पाट वळविला किंवा दलदलीतून निचऱ्याचा चर खणला, की माती सुकते, कोरडवाहू जाती शिरतात आणि झाडे उभी असतानाच दलदल संपते. अभयारण्याची सीमा वृक्षांना व प्राण्यांना संरक्षण देते. पाणी मात्र त्या सीमेबाहेरून येत असेल, तर ते संरक्षण अपुरे ठरते. म्हणून पाणलोटासह दलदल राखणे हाच खरा उपाय आहे. दलदल पावसाचे पाणी धरून हळूहळू सोडते, त्यामुळे तिच्या खालच्या बाजूच्या शेतीचेही हित त्यात आहे.

शासकीय संरक्षणाच्या कितीतरी आधीपासून काही दलदली देवाच्या नावावर टिकल्या. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील बांबर येथील ‘निरंकाराची राय’ ही अशीच एक. निराकार देवाला वाहिलेल्या या राईत कुऱ्हाड चालत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथील देवराईतली दलदल २०१८ मध्ये शास्त्रीय नियतकालिकातून प्रकाशात आली व ती सर्वांत उत्तरेकडील म्हणून नोंदली गेली. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये जैवविविधता अधिनियमानुसार तिला जैवविविधता वारसा स्थळ घोषित केले. तिचे क्षेत्र २·५९ हेक्टर आहे.