सहल आपल्याच पाण्याकाठी

रविवार जवळ आला की पनवेलच्या घराघरांत बेत शिजतो, ‘चला, गाढेश्वरला!’ नेऱ्याच्या पुढे, माथेरानच्या डोंगरांच्या पायथ्याशी गाढी नदीवर हे देहरंग धरण आहे. सकाळी डबा भरायचा, संध्याकाळी घरी. पण मैत्रिणींनो, जुन्या पनवेलच्या नळाला येतं ते याच धरणाचं पाणी! गाळ साचल्यामुळे साठा कमी, आणि उन्हाळ्यातल्या टंचाईत हंडे-बादल्या भरून ठेवायची धावपळ बाईचीच. म्हणून खरकटं, प्लॅस्टिक तिथे टाकू नका, पिशवीत भरून परत आणा. पावसाळ्यात इथे माणसं बुडाली आहेत. पोलिसांची बंदी असेल तेव्हा जाऊच नका. एरवीही ‘काही होत नाही गं’ म्हणणाऱ्यांचं ऐकून पोरांना पाण्यात सोडू नका. काठावरूनही डोंगर तितकेच छान दिसतात.