पैलवानकीचा खोडवा जपून घ्या

चैत्र लागला की आपल्याकडे गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि यात्रा म्हटली की कुस्त्यांचे मैदान आलेच. हलगी कडाडली की एके काळी तालमीत घुमलेला चाळिशी-पंचेचाळिशीचा गडी बसल्या जागी मांडी चोळू लागतो. कुणीतरी म्हणते, "आबा, व्हा की पुढं, एक नारळावरची होऊन जाऊ दे!" आणि आबा शर्ट काढतात.

आमच्या भागातील असाच एक त्रेचाळीस वर्षांचा शेतकरी दोन वर्षांमागे मैदानात उतरला. समोरच्या पोराने पट काढला, याचा पाय मातीत रुतला, अंग तेवढे फिरले आणि गुडघ्यात 'कट्ट' झाले. रात्री घरच्यांनी गरम तेलाने गुडघा चांगला रगडला. सकाळी त्याचा भोपळा झाला होता. आठ दिवसांनी सूज उतरली तसा गडी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन उसात शिरला आणि ओल्या सरीत पुन्हा पाय मुरगळला. मग तपासणी झाली. गुडघ्यातील अस्थिबंध फाटलेला निघाला. त्या वर्षीची खरीप पेरणी रोजंदारीच्या माणसांवर झाली. कुस्ती अर्ध्या मिनिटाची, नारळ एक. पण भुर्दंड सगळ्या घराला पडला.

याचा अर्थ चाळिशीनंतर मेहनत करू नये, असा नाही. उलट ती करावीच. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विशीतले शरीर ही उसाची लागण आहे, चाळिशीनंतरचे शरीर हा खोडवा आहे. खोडवा चांगला येतो, पण त्याची निगा वेगळी असते. बुडखे छाटावे लागतात, नांग्या भराव्या लागतात. नुसता सोडून दिला किंवा एकदम मारा केला, तर तो बसतो.

आधी तपासणी, मग मेहनत

माती परीक्षणाशिवाय खताची मात्रा ठरवू नये, हे आपण जाणतो. तोच नियम येथेही लावावा. मेहनत सुटते, पण दूध-तुपाचा खुराक सुटत नाही. त्यामुळे जुन्या पैलवानांत वजन, रक्तदाब आणि साखर वाढण्याचा धोका असतो. तिशीपुढील व्यक्तींची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी आरोग्य उपकेंद्रात होते. ती करून मगच लांघ बांधावी. मेहनत करताना छातीत दाब वाटला, दम कोंडला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा.

अनेक वर्षांच्या खंडानंतर सुरुवात दहा-पंधरा जोर आणि वीसेक अर्ध्या बैठकांनी करावी. त्याआधी पंधरा मिनिटे चालून, हात-पाय मोकळे करून अंग गरम करावे. आकडा दर आठवड्याला थोडा थोडा वाढवावा. दुसऱ्या दिवशी सांधा ठणकत असेल, तर मात्रा जास्त झाली असे समजावे. डोक्यावर भार घेऊन मान मागे टाकण्याचा व्यायाम या वयात टाळलेला बरा. आणि शेतातले कष्टही हिशेबात धरा. दिवसभर उसाच्या मोळ्या उचलल्या असतील, तर त्या संध्याकाळी बैठका नकोत.

दुखापत झाल्यावर

ताज्या दुखापतीवर पहिले दोन-तीन दिवस चोळू नये, शेकू नये. तालमीतील मालीश थकलेल्या अंगाला चांगले, पण आत रक्त साकळत असताना रगडले तर सूज वाढते. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा आणि दोन-तीन तासांनी पुन्हा लावावा. ताणाची पट्टी बेताची आवळावी व पाय उशीवर उंच ठेवावा. वेदनाशामक गोळ्या दुकानातून मनाने घेऊ नयेत; विशेषतः रक्तदाब, मूत्रपिंड किंवा आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी तर नाहीच. मातीत खरचटले, तर जखम साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे. कान सुजून टम्म झाला, तर 'पैलवानाचा कान' म्हणून मिरवू नका. लवकर दाखवल्यास आतील रक्त काढून टाकता येते.

पायावर भार देता येत नाही, गुडघा अडकतो किंवा सांधा वाकडा दिसतो, अशा वेळी थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जावे. मानेला मार लागून हातापायांना मुंग्या आल्या, तर त्या माणसाला ओढून उठवू नये आणि मान तर मुळीच झटकू नये. आहे तसा स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सूज उतरली म्हणजे दुखापत बरी झाली, असे नाही. आधी गुडघा पूर्ण वाकला पाहिजे, एका पायावर उभे राहता आले पाहिजे, भरभर चालता आले पाहिजे. दोन्ही पायांत सारखी ताकद आल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, मग आखाडा.

गुडघ्याने भल्याभल्यांना घरी बसवले आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. पुढच्या ऑलिंपिकआधी गुडघ्याच्या दुखापतीनेच त्यांची वाट अडवली. मग आपण तर यात्रेतले हौशी गडी.

गावकारभाऱ्यांसाठी

सरपंच, पोलिस पाटील आणि यात्रा कमिटीने मैदानाच्या आदल्या दिवशी माती खोलवर उकरून खडे वेचून घ्यावेत. जोड लावताना वजनाबरोबर वयही पाहावे. प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी कळवावे, बर्फ व पट्ट्या हाताशी ठेवाव्यात. आणि चाळिशीच्या गड्याला चिडवून मैदानात ओढणाऱ्यांना वस्तादांनी दोन शब्द सुनवावेत.

राजर्षी शाहूंच्या काळापासून या मातीने कुस्तीवर जीव लावला आहे. जुन्या पैलवानांना मान आहे तो त्यांच्या जाणतेपणामुळे. सकाळी हौद्यात उतरून पोरांना डाव सांगा, थोडी मेहनत करा, घाम गाळा. लढतीची खुमखुमी मात्र पोरांना द्या. मिरगाला पाभरीमागे आपल्याच पायांनी चालता आले पाहिजे, एवढे बघा!