खूण कुठली, अग्नी कुठला? तोंडाचा कॅन्सर आणि रेणवीय चाचण्या

घाटकोपर-मुलुंडकडच्या श्रोत्यांनी मागच्या व्याख्यानानंतर विचारलेला प्रश्न आज घेऊ. गालाच्या आत चट्टा आहे, बरा होत नाही. मग तुकडा काढण्यापेक्षा रक्ताची जनुकीय चाचणी करून मोकळं का होऊ नये? आम्ही डॉक्टर नाही, आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं. पण हा प्रश्न अर्धा वैद्यकाचा असला तरी अर्धा अनुमानाचा आहे.

न्यायदर्शनातला डोंगरावरचा धूर तुम्हाला माहीत आहे. धूर दिसला की अग्नी आहे असं आपण म्हणतो, ते 'जिथे धूर तिथे अग्नी' या व्याप्तीच्या जोरावर. रेणवीय चाचणी दुसरं काय करते? डीएनए, आरएनए नाहीतर प्रथिनात खूण शोधते आणि तिच्यावरून रोगाकडे जाते. म्हणून आधी विचारायचं, ही व्याप्ती कुठे पडताळली?

पी१६ हे प्रथिन घ्या. ह्यूमन पॅपिलोमा विषाणू घशातल्या पेशीत ठाण मांडतो, तेव्हा त्याचं ई७ प्रथिन पेशीवाढीचा लगाम, म्हणजे आरबी, निकामी करतं. परिणामी पी१६ भरमसाट वाढतं. काचपट्टीवर ७० टक्के पेशी गडद रंगल्या, तर टॉन्सिलच्या किंवा जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमागे हा विषाणू आहे असं धरतात. अमेरिका-युरोपात असे रुग्ण पुष्कळ, आणि ते उपचारांना चांगला प्रतिसाद देतात. पण तेच पी१६ गालातल्या गाठीत वाढलेलं दिसलं तर? तिथे ते विषाणूशिवायही वाढतं. नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतील.

आपल्याकडचा अग्नीच बहुधा वेगळा: तंबाखू, सुपारी, मावा, मशेरी. गालाच्या कोपऱ्यात धरायची सवय, आणि कॅन्सर नेमका तिथेच, गाल-हिरडीच्या सांध्यात. टाटा मेमोरियलचं खारघरचं संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आणि कल्याणीची (आपलं कल्याण नव्हे, बंगालमधली) जीनोमिक्स संस्था यांनी याच कॅन्सरची जनुकं वाचली. २०१३ साली ते प्रसिद्ध झालं. ५० रुग्णांत वाचन, आणखी ६० जणांत पडताळणी. टीपी५३, नॉच१ ही जगभर भेटणारी नावं होतीच, पण यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशी नवी नावंही वारंवार आली. आपल्या गालाची व्याप्ती आपल्याच गालात शोधावी लागते, ती अशी.

आता रक्ताकडे या. गाठ लहान असताना तिचा डीएनए रक्तात अगदी थोडा उतरतो, त्यामुळे 'काही सापडलं नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा होत नाही. उलट टीपी५३मधला बदल कॅन्सर नसलेल्या चट्ट्यातही सापडतो. स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी १९५३ सालीच म्हटलं होतं की गाठीभोवतीचं सगळं शेतच बिघडलेलं असतं. मग खुणेवरून गाठ आहेच, असंही ठरत नाही.

रेणवीय चाचणी खरी कामाला येते ती तुकडा काढल्यावर. मानेत गाठ आहे, मूळ कुठे ते दिसत नाही. अशा वेळी गाठीतलं पी१६ टॉन्सिलकडे बोट दाखवतं, एपस्टाइन-बार विषाणू नाकामागच्या घशाकडे. कोणता डोंगर धुंडाळायचा ते कळतं.

तेव्हा विचारणाऱ्यांना आमचं उत्तर: तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा-लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही असेल तर गल्लीतल्या दंतवैद्याला टॉर्च मारून पाहू द्या. तो म्हणाला, तर बायोप्सी करा. सुरी लागली की कॅन्सर पसरतो, ही भीती बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत ऐकू येते; तिला आधार नाही.